करमाडला पोचलेलं पाकीट

रजिस्टर, पोचपावतीसह
चितेगाव, दि. १८ ऑगस्ट २०२५

श्री. आप्पासाहेब, करमाड, यांस,

वर नमस्कार लिहिलेला नाही. तो विसरून राहिलेला नाही.

मी मनकर्णा. बिरू मेंढके यांची मुलगी, सूर्यभानची बहीण. तुम्ही मला लहानपणापासून ओळखता, पण हे पत्र उद्या कोर्टात वाचलं जाईल, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. फोन करत नाही. फोनवर बोललेलं कुणीही नाकारतं.

२०२१ साली तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तुम्ही तुमची पांढरी गाडी माझ्या भावाला विकली. बाँडवर लिहून दिलंत, पण गाडीचं पुस्तक तुमच्याच नावावर राहिलं. दादाने दोनदा आठवण करून दिली. "करू रे सावकाश, गाडी काय पळून जाती का?" असं तुम्ही म्हणालात. दादा हसला. त्याने गाडीच्या मागच्या काचेवर माझं नाव रंगवून घेतलं, ‘मनकर्णा, बी.एस्सी.’ अजिंठ्याला पर्यटक घेऊन गेला की लोक विचारायचे, ही कोण मोठी डॉक्टर? तो म्हणायचा, डॉक्टर नाही, आमच्या खानदानातली पहिली पदवी आहे.

११ डिसेंबर २०२३ ला अजिंठ्याहून रिकामा परत येताना चढावर त्याच्या गाडीचं इंजिन बंद पडलं. मागून ट्रक आला. पोलिसांच्या कागदावर लिहिलं आहे, ‘चालकाने रस्त्यामध्ये निष्काळजीपणे वाहन उभे केले.’ म्हणजे माझ्या भावाला मारणारा माझा भाऊच. दीड वर्ष आम्ही हे वाक्य घेऊन जगलो.

गेल्या आठवड्यात आमच्या खोक्यांच्या कारखान्यातल्या एका मॅडमना त्यांच्या गाडीबद्दल कंपनीचा निरोप आला. गाडी त्याच मॉडेलची. पेट्रोलच्या टाकीत पंप असतो, त्या पंपातलं प्लास्टिकचं चाक फुगतं आणि अडकतं. चालती गाडी बंद पडते. कंपनी पंप फुकट बदलून देते. मी पंचनाम्यातला चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला. ती गाडी यादीत होती.

शोरूमला गेले. त्यांनी मला पोचपावती दाखवली. नोंदलेल्या मालकाला पत्र पोचलं, दि. १९ ऑक्टोबर २०२३. अपघाताच्या जवळजवळ दोन महिने आधी. खाली लांब शेपटीची तुमची सही. ती मी झोपेतही ओळखीन, कारण दहावीला शाळेत पहिली आले त्या बक्षीसपत्रावर शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून तीच सही आहे.

पत्र इंग्रजीत होतं. तुम्हाला इंग्रजी येत नाही, मान्य. पण मला येतं हे साऱ्या करमाडला माहीत आहे. आमच्या घरी इंग्रजी कागद आला की आई तो देवळीत ठेवते. मी सुट्टीला आले की एकेक बघते आणि प्रत्येकावर पेन्सिलने लिहिते, लाइट, बँक, रेशन, दवाखाना, जाहिरात. जाहिरात लिहिलेले चुलीत जातात, बाकीचे पत्र्याच्या पेटीत. वस्तीवरचे इतर लोकही आपले कागद आमच्याच देवळीत आणून ठेवतात. ते पाकीट तुम्ही आबांच्या, माझ्या वडिलांच्या, हातात नुसतं दिलं असतं तर मी वाचलं असतं, आणि माझा भाऊ आज जिवंत असता.

ते पत्र तुम्ही काय केलंत? पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या.

मनकर्णा बिरू मेंढके


करमाड
ता. ३० ऑगस्ट २०२५

चि. मनकर्णास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नातीनं, आशानं वाचून दाखवलं. पुन्हा मी भिंग घेऊन सवता वाचलं. माझं अक्षर आता मोठं पडतं, दोन कागद जास्त लागतील, रागावू नको.

पत्र आलं व्हतं. सही माझीच हाय. पोष्टमन म्हनला, सही करा, मी केली. वर गाडीचं चित्र व्हतं. मला वाटलं गाडीचंच काही आसंल, बघू सावकाश. कपाटात टाकलं, वर खताच्या पावत्या पडल्या, इसरून गेलो. मग सूर्याचं झालं. मग कुठल्या तोंडानं सांगावं.

चूक माझी हाय, बाई. दुसऱ्या कोनाची नाय. तुझ्या बापाचा यात काही संबंध नाय. त्याला काही इचारू नको, त्याचा जीव आधीच अर्धा झालाय. जे इचारायचं ते मला इचार.

सूर्या गाडी न्यायला आला तवा तुझ्या काकूनं गाडीला हळद-कुंकू लावलं. तो म्हनला, आप्पा, हिचा हॉर्न लई नरम हाय, शेरडं सुदिक हटायची नाय. मी म्हनलं, तुझा आवाज हाय की. ते रोज आठवतं.

आशीर्वाद.
आप्पा


रजिस्टर, पोचपावतीसह
चितेगाव, दि. ५ सप्टेंबर २०२५

श्री. आप्पासाहेब यांस,

खताच्या पावत्या. माझा भाऊ खताच्या पावत्यांखाली गेला.

तुमचं पत्र मी सात वेळा वाचलं. तुम्ही खोटं बोलाल, पत्र मिळालंच नाही म्हणाल, सही नाकाराल, अशी तयारी करून मी बसले होते. तुम्ही सगळं एका दमात कबूल केलंत. त्याने माझा राग कमी झाला असं समजू नका. ज्याला कुणी जाब विचारणार नाही याची खात्री असते, तो असा सहज कबूल होतो. मेंढक्याची पोरगी काय करणार? रडेल, दोन पत्रं लिहील, गप्प बसेल.

मी गप्प बसणार नाही. ग्राहक आयोगात तक्रार करायला अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते. ती ११ डिसेंबरला संपते. त्याआधी तक्रार दाखल होईल. सामनेवाला क्रमांक एक तुम्ही, दोन शोरूम, तीन कंपनी. कंपनीने निदान पत्र तरी पाठवलं. तुम्ही ते दाबलंत.

आबांना मध्ये आणू नका असं तुम्ही लिहिता. का? तेवीस वर्षं ते तुमच्या वावरात मेंढरं बसवतात. त्या लेंड्यांवर तुमचा कापूस छातीला लागतो. आणि दादा गेल्यावरही, या उन्हाळ्यातसुद्धा, ते तुमच्याच वावरात गेले. मी विचारलं, आबा, गावात दुसरी वावरं नाहीत का? ते म्हणाले, "आप्पाची जमीन मेंढरांना मानवती." मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. तुम्ही त्यांना आधीच बांधून ठेवलंय. ज्वारीची पोती, औषधपाणी, गोड बोलणं. बाप विकत घेतला की पोरगी काय ओरडणार?

मला तीन गोष्टी पाहिजेत. एक, ते मूळ पत्र. दोन, ‘पत्र मला मिळाले आणि मी ते कुणालाही दिले नाही’ असा तुमच्या सहीचा जबाब. तीन, तुम्ही आमच्या वस्तीवर येऊन हे वाक्य माझ्या आईसमोर म्हणायचं. माझी आई अजून दादाच्या चपला उन्हात ठेवते आणि संध्याकाळी आत घेते. तिच्या डोळ्यांत बघून म्हणायचं.

मनकर्णा


करमाड
ता. १६ सप्टेंबर २०२५

चि. मनकर्णास आशीर्वाद.

सोबत जबाब लिहून पाठवतो. तू सांगितलं तसंच वाक्य घातलंय, वर माझं वय बी घातलं. खाली दोन साक्षीदार हाईत. त्यातला बद्रीनाथ म्हनला, आप्पा, असं लिहून देऊ नका, वकिलाला इचारा. मी म्हनलं, वकिलाला काय इचारायचं, पोरीनं मागितलंय.

मूळ पत्र नाय. जळालं. चुलीत गेलं. तेवढं सोड.

तुझ्या आईपुढं येईन. म्हाळसाबाईला माझ्यापुढं मान वर करून बोलायची सवय नाय, तवा तू सोबत राहा. पन बिरू घरी नसंल त्या दिवशी बोलाव. तू म्हनतीस तुझा बाप मी विकत घेतला. बाई, बिरूला विकत घ्यायची ऐपत माझ्या खानदानात कोनाची नाय. तू शिकलेली हाईस, मोजून शिव्या दे. मला दे, त्याला नको.

आप्पा


रजिस्टर, पोचपावतीसह
चितेगाव, दि. २३ सप्टेंबर २०२५

श्री. आप्पासाहेब यांस,

जबाब मिळाला. दोन झेरॉक्स काढल्या. मूळ कागद बँकेच्या पासबुकात ठेवला आहे.

आधी म्हणालात कपाटात राहिलं. आता म्हणता चुलीत गेलं. तुम्ही खोटं बोलताना तरी एकच खोटं धरून बसा.

आईसमोर येण्याची गरज नाही. तुम्ही ‘बिरू नसेल तेव्हा’ अशी अट घातलीत, त्यातच मला सगळं समजलं. ज्या माणसाचा मुलगा गेला त्याच्यासमोर तोंड दाखवायची हिंमत नाही आणि बाईमाणसासमोर मात्र येणार. ते आता चार भिंतींत होणार नाही. २ ऑक्टोबरला करमाडची ग्रामसभा आहे. पोचपावती आणि तुमचा जबाब मी तिथे वाचून दाखवणार. आमच्या वस्तीचं मतदान करमाडला आहे, त्यामुळे मला कुणी अडवू शकत नाही. कायदा बघून लिहिते आहे.

मनकर्णा


करमाड
ता. २९ सप्टेंबर २०२५

चि. मनकर्णास,

ये. मी म्होरच्या रांगेत बसतो, म्हंजे तुला शोधावं लागायचं नाय. माईक खरखरतो, तोंडाजवळ धरून बोल.

त्या दिवशी दसरा हाय. बिरूला मेंढरांकडंच राहू दे.

आप्पा


रजिस्टर, पोचपावतीसह
चितेगाव, दि. ६ ऑक्टोबर २०२५

श्री. आप्पासाहेब यांस,

जे झालं ते तुम्ही पाहिलंत. तरी लिहून ठेवते, कारण माझ्या मनात ते रोज नव्याने घडतं आणि प्रत्येक वेळी मला ते थोडं गोड लागतं.

तुम्ही खरंच पहिल्या रांगेत बसला होतात, धुतलेलं धोतर नेसून. सरपंच म्हणाले, "ताई, गटारीचा विषय होऊ द्या, मग तुमचं घेऊ." मी म्हणाले, गटारीचाच विषय आहे. लोक हसले. मी पोचपावती वाचली, मग जबाब. माईक खरखरत होता. तुमच्या भावकीतला एक जण उठला आणि म्हणाला, "आप्पा, बोल की रे, खोटं हाय म्हन." तुम्ही उठून उभे राहिलात. "खरं हाय," म्हणालात आणि खाली बसलात.

मागून कुणी तरी म्हणालं, "एवढा शाळेचा अध्यक्ष, आन् एक पाकीट देता आलं नाय?" त्याच सभेत तुम्हाला शाळा समितीवरून काढलं. दुपारी देवळापुढे सोनं वाटलं गेलं. मी पिंपळाखाली उभी राहून पाहत होते. सगळं गाव एकमेकांच्या हातावर आपट्याची पानं ठेवत होतं. तुमच्या हातावर एकानेही ठेवलं नाही. तुम्ही हात पुढे धरून उभे होतात, मग खाली केलात.

मी ठरवलं होतं की हे पाहिलं की माझी आग थंड होईल. झाली नाही. आणखी पाहिजे असं वाटलं. तुम्ही भांडत का नाही? भांडला असतात तर मला बरं वाटलं असतं.

वस्तीवर गेले, आबांना सगळं सांगितलं. वाटलं, आज तरी म्हणतील, पोरी, तू भावाचं ऋण फेडलंस. ते मेंढीचा खूर साफ करत होते. हातातला चाकू थांबला. म्हणाले, "आप्पा काही म्हनला का?" मी म्हणाले, खरं हाय म्हणाले. आबांनी मेंढी सोडून दिली आणि उठून गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. काठी घेऊन समोरून जातात, मी जणू खांब आहे.

माझा भाऊ तुम्ही नेलात. आता बापही तुमच्याच बाजूला. १ डिसेंबरला तक्रार दाखल होईल. तुमचं उरलेलं आयुष्य तारखांना जावं अशी माझी इच्छा आहे. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. सकाळी अंघोळ करून, टेबलाशी बसून, शांतपणे लिहिते आहे.

मनकर्णा


करमाड
ता. २४ ऑक्टोबर २०२५

मनकर्णा,

मी द्वारकाबाई, आप्पासाहेबांची बायको, बोलते हाय. लिहिणारी आमची नात आशा. ह्यांना ठावं नाय. मी बोलते तसंच लिही म्हनून तिला शपथ घातलीय.

भाऊबीज झाली. तुझी भाऊबीज कशी गेली आसंल ते मला कळतं, म्हनून काल लिहिलं नाय, आज लिहिते.

दसऱ्यापासून हे जेवत नायत. शाळा भरली की ओट्यावर बसतात, पोरं बघत. पोरांनी परवा इचारलं, "आप्पा, तुमी पाकीट का दडवलं?" हे म्हनले, "चुकलं रं बाबांनो." तवा माझ्यानं राहवलं नाय. नवऱ्याच्या शब्दाबाहेर मी सारा जन्म गेले नाय, आज जाते.

पाकीट ह्यांनी दडवलं नाय. माझ्या देखत दिलं. पोष्टमन आला त्याच आठवड्यात तुझा बाप वावर बघायला आला व्हता, औंदा मेंढरं कुठं बसवायची म्हनून. हे म्हनले, "बिरू, हे गाडीचं काही तरी आलंय, इंग्रजी हाय, सूर्याला दे." तुझा बाप म्हनला, "सूर्याला काय कळतंय इंग्रजी, मनू दिवाळीला येनार हाय, ती वाचील." आन् पाकीट पागोट्यात खोचलं. चहा पिऊन गेला. पाकीट तवा बंदच व्हतं.

मग सूर्याचं झालं. तेरावा झाल्यावर तुझा बाप तेच पाकीट घेऊन आला. इम्याच्या मानसानं त्याला इचारलं व्हतं, कंपनीचं काही पत्र आलं व्हतं का? तवा त्याच्या ध्यानात आलं. पाकिटावर सूर्याच्या गाडीसारखं चित्र म्हनून तुझ्या आईनं ते चुलीत घातलं नाय, आरशामागं खोचून ठेवलं व्हतं. ह्यांनी फोडलं. आशानं वाचलं. जरा जरा कळलं, पन कळायचं तेवढं कळलं.

तुझा बाप हितंच ओट्यावर बसला. रडला नाय. म्हनला, "आप्पा, एक लेकरू गेलं. दुसरं जितं राहू द्या." हे म्हनले, "कोनी इचारलंच तर माझ्याजवळच राहिलं म्हनू. बिरू, तू आजपास्नं यातलं काही जानत नाय." दोघांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली. मी ह्यांना म्हनलं, जाळून टाका मग. तर तुझा बाप म्हनला, "जाळू नका, तिचं अक्षर हाय त्याच्यावर." म्हनून ट्रंकेत राहिलं.

पाकिटावर पेन्सिलीनं काही लिहिलंय. मला वाचता येत नाय. ह्यांनी कधी सांगितलं नाय, आशाला इचारलं तर ती रडती. सोबत पाठवते. तूच वाच.

मी तुला शिव्या द्यायच्या म्हनून बसले व्हते. आता देववत नाय.

द्वारकाबाई


दि. २८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पा यांस साष्टांग नमस्कार.

काकूंचं पत्र आलं त्याला महिना झाला. त्यांना रागावू नका. त्यांनी मला वाचवलं नाही, तुम्हाला वाचवलं, आणि ते बरोबर केलं.

पाकिटावर माझ्या अक्षरात ‘जाहिरात’ लिहिलं आहे. खाली रेघ आहे. जाहिरातीखाली मी नेहमी रेघ मारते, म्हणजे आईला अक्षर न वाचताही कळतं की हा कागद चुलीचा.

ती दिवाळी मला आता मिनिटामिनिटाने आठवते. देवळीत बरेच कागद साठले होते. माझी चितेगावची नोकरी नवी होती, भाऊबीज करून त्याच दुपारी निघायचं होतं. दादा बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवत होता, तोच नरम हॉर्न. ओरडत होता, "बाईसाहेब, तुमचं कलेक्टर ऑफिस उरका लवकर." मी उभ्याउभ्याच कागद चाळले. पाकिटावर पांढरी गाडी, हसणारं कुटुंब, आणि मोठ्या अक्षरांत इंग्रजीत, ‘आमच्या लाडक्या ग्राहकांसाठी मोफत सेवा मोहीम’. मी फोडलंसुद्धा नाही. पेन्सिल फिरवली आणि त्याच गाडीत, दादाच्या शेजारी बसून निघून गेले. ज्या पंपाबद्दल ते पाकीट होतं तो माझ्या पाठीमागे टाकीत होता. वाटेत गाडीला एकदा झटका बसला. दादा म्हणाला, "पेट्रोलमध्ये पाणी आसंल." मी म्हणाले, मिस्त्रीला दाखव. दाखवतो म्हणाला. मी फोनमध्ये बघत होते.

मी तुम्हाला लिहिलं होतं, पाकीट आबांच्या हातात दिलं असतं तर मी वाचलं असतं. ते वाक्य वाचून तुम्ही काय केलं असेल? तुमच्या ट्रंकेत ते पाकीट होतं. एका उलट टपालाने तुम्ही मला संपवू शकला असतात. ग्रामसभेत नुसतं ते वर धरलं असतं तरी पुरे होतं. तुम्ही "खरं हाय" म्हणालात.

पहिले आठ दिवस मी कामावर गेले नाही. मग आबांकडे गेले. ते करमाडच्या माळावर मेंढरं घेऊन होते. पाकीट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी आधी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि महिन्याभरात पहिल्यांदा बोलले. "कोनी दिलं? आप्पानं?" मी म्हणाले, काकूंनी. ते म्हणाले, "बाया काही पोटात ठेवत नायत." मेंढरं पांगली, त्यांनी हाळी दिली नाही. मी म्हणाले, आबा, मी मारलं दादाला. ते म्हणाले, "मला वाचता आलं आसतं तर तुझ्यावर एवढं वज्जं पडलं नसतं. साऱ्या वस्तीचे कागद एका पोरीच्या डोक्यावर. आमी लई हौसेनं ठेवत गेलो." मी मेंढरांमध्ये बसून रडले. आबांनी काठीने दोन मेंढ्या बाजूला केल्या, मला बसायला जागा झाली.

आता दुसरं. ते पत्र मी वाचलं. शेवटी एकदा, नीट, शब्द न् शब्द. पहिल्या पानावर कंपनी म्हणते की आम्ही तुमची काळजी घेतो. तपासणी मोफत, गाडी धुऊन मोफत, आलात तर चहा. धोका हा शब्द कुठेही नाही. मागच्या पानावर, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ आहे, क्वचित प्रसंगी वाहन चालू असताना इंजिन बंद पडू शकते. आप्पा, ज्या माणसांनी हे लिहिलं त्यांना माहीत होतं की माणसं मरतील. त्यांनी ते असं लिहिलं की घाईत असलेल्या माणसाने त्याला जाहिरात म्हणावं. मी म्हटलं. त्यांनी जसं ठरवलं होतं तसंच मी केलं. माझ्यासारख्या किती जणांनी केलं असेल, आणि त्यांच्या कुणाकुणाच्या नावावर पोलिसांनी ‘निष्काळजीपणे’ लिहिलं असेल.

मी माझ्या वाट्याचं टाळत नाही. ते माझ्याकडे मरेपर्यंत राहील. पण माझ्यातला सूड संपलेला नाही. तो तुमच्या दारात उभा होता, ते दार चुकीचं होतं. तुमचं नाव तक्रारीतून काढलं. सामनेवाला क्रमांक एक आता कंपनी आहे, दोन शोरूम. तुमचा जबाब फाडला नाही, बाजूला ठेवला आहे. माझ्यासाठी कुणी इतकं मोठं खोटं लेखी दिलं होतं, ते मला जपायचं आहे.

वकील बाईंनी पाकीट पाहिलं. खूश झाल्या. म्हणाल्या, "हेच पाहिजे होतं. ही पाकिटाची जाहिरातबाजी आयोगाला दाखवू." मग त्यांनी चष्मा वर केला. "हे पेन्सिलीचं काय आहे?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "कंपनीचा वकील हेच धरून बसेल. म्हणेल, पत्र घरात पोचलं होतं, शिकलेल्या बहिणीने टाकून दिलं. तुझा भाऊ गेला तो तुझ्यामुळे, असं भर आयोगात तुला म्हणेल. चालेल?" त्यांनी ड्रॉवर उघडला, खोडरबर काढलं आणि टेबलावर माझ्याकडे सरकवलं. "मी चहा सांगून येते," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

दोनदा घासलं असतं तरी ते पुसलं गेलं असतं. तुमच्याकडे दोन वर्षं ते पाकीट होतं, तुम्ही खोडलं नाही. आबांनी तर माझं अक्षर म्हणून ते जाळू दिलं नाही. मी खोडलं असतं तर मागच्या पानाच्या तळाशी खरं लपवणाऱ्यांत आणि माझ्यात काय फरक राहिला असता? बाई चहा घेऊन आल्या तेव्हा खोडरबर जागच्या जागी होतं. मी तक्रारीत सातवा परिच्छेद घालायला लावला, ‘तक्रारदाराने सदर पाकिटावर जाहिरात असे लिहिले, कारण ते जाहिरातीसारखे बनवले होते.’ त्यांना तो माझ्यावर रोखून वाचू दे. मी समोर उभी राहून ऐकेन, आणि मग तेच पाकीट त्यांच्यापुढे धरून विचारेन, तुम्ही सांगा, हे काय आहे? दादाच्या नावापुढचं ‘निष्काळजीपणे’ जोवर त्यांच्या नावापुढे लागत नाही तोवर मी त्यांना सोडणार नाही. दहा तारखा लागोत की शंभर.

२६ जानेवारीला पुन्हा ग्रामसभा आहे. तुम्ही म्होरच्याच रांगेत बसा. माईक तोंडाजवळ धरायचं लक्षात आहे. ते पाकीट मी सगळ्या गावापुढे वाचणार, आतलं आणि वरचंही. शाळेतल्या पोरांनाही बोलवा. त्यांना खरं कळायला पाहिजे.

या पत्राला पोचपावती नाही. ते टपालाने येणारच नाही. रविवारी आबांची मेंढरं तुमच्या वावरात बसायची आहेत, त्यांच्याबरोबर मी येते. दसऱ्याला जपून ठेवलेलं आपट्याचं एक पान माझ्या पासबुकात आहे. वाळलं आहे, पण मोडलेलं नाही.

तुम्ही भिंग काढू नका. हे पत्र मी तुमच्यासमोर बसून वाचून दाखवते.

तुमची
मनकर्णा